विषयाची ओळ म्हणजे नोटीस

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या मेल-ग्रुपवर 'दुःखद बातमी' या विषयाचा मेल आला. क विंगमधले आप्पा गेले होते. सोसायटी नोंदवली तेव्हा ज्यांनी सगळी कागदपत्रं स्वतः पिशवीत घालून नेली, त्यांतले ते शेवटचे. दिवसभर 'भावपूर्ण श्रद्धांजली' येत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाविसाव्या की तेविसाव्या उत्तरात, ब विंगमधल्या एकांनी लिहिलं, 'आज टँकर आलाच नाही, कमिटी काय करते आहे?' त्यावर अ विंगमधून उत्तर आलं, टँकर आला होता पण दहा हजार लिटरचे पैसे घेऊन अर्धाच रिकामा करून गेला. मग टँकरचं बिल, मग बोअरवेल, मग घरोघरी मीटर बसवण्याचा जुना वाद. आठवडाभरात एकोणचाळीस मेल झाले, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर तीच ओळ होती: 'रीः दुःखद बातमी'.

आप्पांची मुलगी सिडनीत असते. फ्लॅटची नॉमिनी म्हणून तिचा पत्ता ग्रुपमध्ये होताच. इथले लोक रात्री दहाला जेवून-बिवून मेल लिहायला बसतात, तेव्हा तिथे पहाटेचे अडीच झालेले असतात. महिन्याभराने सोसायटीच्या कामासाठी मी तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "काकू, दर वेळी वाटायचं, आप्पांची कुणीतरी आठवण काढली. उघडलं की टँकर."

यात कुणाचाच दुष्टपणा नव्हता. ब विंगमधले ते गृहस्थ तिरडीला खांदा द्यायला पहिले आले होते. त्यांना ग्रुपचा पत्ता पाठ नव्हता, एवढंच. आमच्याकडे निम्म्या लोकांना तो पाठ नाही. मग सगळ्यात वरचा मेल उघडायचा, 'रिप्लाय' दाबायचा आणि आपलं म्हणणं लिहून मोकळं व्हायचं. व्हॉट्सॲपवर आपण हेच करतो. तिथे विषयाची ओळ नसतेच, त्यामुळे ती चुकायचा प्रश्न येत नाही.

अशा प्रसंगाची चर्चा निघाली की लोक 'ईमेलचे शिष्टाचार' असा शब्द काढतात, आणि तिथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. शिष्टाचार म्हटलं की चहाच्या बशीत चमचा कुठे ठेवायचा तसलं काहीतरी वाटतं, पाळलं तर बरं, नाही पाळलं तर आभाळ कोसळत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. गटाच्या मेलमध्ये विषयाची ओळ ही नोटीस असते. 'या विषयावर इथे बोलणं चाललं आहे, ज्याचा संबंध असेल त्याने यावं' असं ती सगळ्यांना सांगते. ती खोटी ठरली की ज्याचा संबंध आहे तो येत नाही, आणि त्याच्यामागे त्याचा निर्णय होऊन जातो.

मी सरकारी कार्यालयात बत्तीस वर्षं काढली, त्यातली पहिली चार बारनिशीत. टपाल फोडायचं, आवक क्रमांक घालायचा, विषय नोंदवहीत उतरवायचा आणि कोणत्या टेबलाचं आहे ते ठरवून पुढे सरकवायचं. एका पत्रात दोन विषय असले की आमच्या हेडक्लार्कचं डोकं फिरायचं. "हे पत्र कोणत्या नस्तीत लावू? फाडून दोन ठिकाणी लावू का?" असं ते पत्र लिहिणाऱ्याला नव्हे, मलाच विचारायचे. त्यांचं एक वाक्य मला तेव्हा हास्यास्पद वाटायचं: "बाई, विषय चुकला की पत्र हरवलं. मग ते कपाटात असो नाही तर नसो."

सरकारी पत्राच्या साच्याची आपण आयुष्यभर टिंगल केली. 'विषय' अशी ओळ, खाली 'संदर्भ' म्हणून मागच्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक, मग 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की', आणि तळाला 'प्रत माहितीस्तव' म्हणून दहा जणांची यादी. भाषा रुक्ष आहे, मान्य. पण साच्यात अक्कल आहे. ईमेलचा साचा उघडून पाहिला तर तीच अक्कल दिसते. ईमेलच्या संदेशाची रचना कशी असावी हे ठरवणारा जो दस्तऐवज १९८२ साली निघाला, आरएफसी ८२२ (इंटरनेटचे नियम 'आरएफसी' नावाच्या क्रमांकित कागदांत निघतात), त्यात 'सब्जेक्ट' आहे, 'रेफरन्सेस' आहे आणि 'सीसी' आहे. म्हणजे विषय, संदर्भ आणि प्रत माहितीस्तव. यातला 'सीसी' तर टाइपरायटरखालच्या कार्बन कागदावरूनच आला. अमेरिकेतले संगणकवाले आणि आमची कचेरी, दोघांना एकच अडचण होती: पत्रं ढिगाने येतात, आणि आज न वाचलेलं पत्र परवा सापडलं पाहिजे.

तो 'संदर्भ' कसा चालतो हे मला निवृत्तीनंतर माझ्या भाच्याने दाखवलं. प्रत्येक मेलला, आपल्याला न दिसणारा, एक स्वतंत्र क्रमांक असतो. आपण 'रिप्लाय' दाबला की नव्या मेलच्या डोक्यात मूळ मेलचा क्रमांक आपोआप लिहिला जातो. जावक क्रमांकाचा हवाला द्यावा तसा. त्या क्रमांकांवरून प्रोग्रॅम मेलांची माळ ओवतो, जिला आपण धागा म्हणतो. म्हणून जुन्या मेलवर 'रिप्लाय' दाबून फक्त विषय खोडून नवा लिहिला तरी काम अर्धंच होतं. जीमेल अशा वेळी नवा धागा तोडून देतो, पण थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये तो मेल जुन्याच झाडाची फांदी म्हणून लोंबकळत राहतो, कारण आतला संदर्भ बदललेला नसतो. नवा विषय काढायचा तर नवा मेल उघडावा आणि ग्रुपचा पत्ता टाकावा. पत्ता फोनमध्ये 'सोसायटी' या नावाने एकदा साठवून ठेवायला अर्धं मिनिट लागतं. मी गेल्या दिवाळीच्या फराळाला बोलावून सोळा जणांच्या फोनमध्ये तो स्वतः साठवून दिला. पुढच्या महिन्याभरात ग्रुपवर जेवढा फरक पडला, तेवढा आधी पाठवलेल्या तीन परिपत्रकांनी पडला नव्हता.

'रीः' हे 'रिप्लाय'चं लघुरूप आहे असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. ते लॅटिन 'इन रे'वरून आलं आहे, म्हणजे 'अमुक प्रकरणी'. आपल्या 'बाबत'चाच भाऊ. जर्मनीत मात्र 'उत्तर' या अर्थाच्या त्यांच्या शब्दाची आद्याक्षरं लागतात, 'एडब्ल्यू'. आमचे एक सभासद म्युनिकला असतात. ते उत्तर देतात तेव्हा त्यांचा संगणक 'एडब्ल्यू' लावतो, इथून उत्तर गेलं की त्यापुढे 'रीः' लागतो, परत 'एडब्ल्यू', परत 'रीः'. पार्किंगच्या एका धाग्यात ही आगगाडी इतकी लांबली की फोनच्या पडद्यावर फक्त डबेच दिसत होते, 'पार्किंग' हा शब्द स्टेशनाबाहेर राहिला होता. हात लावून पुसायला दोन सेकंद लागतात. कुणी पुसत नाही, मीही कितीदा पुसलेलं नाही.

आता नोटिशीचा मुद्दा. सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी काढायची आणि नोटिशीबरोबर विषयपत्रिका जोडायची. विषयपत्रिका हा शब्द आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ कानावरून जातो. कुणाला यायचंय, कुणाला नाही, कुणाला वाचून यायचंय, हे सभासदाला घरबसल्या ठरवता यावं म्हणून ती असते. लिफ्टचा विषय आहे म्हटल्यावर सातव्या मजल्यावरचे येतात, तळमजल्यावरचे बहुधा येत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' अशी एक खिडकी ठेवलेली असते. तिच्यातून कोण काय घुसवतं यावर किती सोसायट्यांत भांडणं झाली आणि किती तक्रारी उपनिबंधकांपर्यंत गेल्या, हे ज्यांनी कमिटीत काम केलंय त्यांना सांगायला नको.

मेल-ग्रुपवर दारं कमी आणि आयत्या वेळच्या खिडक्याच जास्त. आमच्याकडे एका वर्षी 'गणेशोत्सव वर्गणी' या धाग्यात सीसीटीव्हीचा ठेका ठरला. कुणीतरी सहज विचारलं, मांडवाजवळ कॅमेरा लावायचा का? त्यावर दुसऱ्याने ओळखीच्या माणसाचं कोटेशन चिकटवलं. तिसऱ्याने 'मांडवाजवळच का, सगळ्याच जिन्यांत लावू' म्हटलं. पाच जणांनी 'चालेल' लिहिलं, दोघांनी अंगठा दाखवला. कमिटीच्या पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात वाक्य आलं: 'सदर विषयावर सभासदांशी मेलवर चर्चा झाली असून कोणीही हरकत घेतलेली नाही.' हरकत कशी घेणार? ज्यांनी वर्गणी देऊन टाकली होती त्यांनी तो धागा उघडणंच बंद केलं होतं. मी त्यातलीच एक. पावती फाडली, विषय संपला, पुढचे एकतीस मेल न वाचता पुसले. घराच्या दारासमोर कॅमेरा लागला तेव्हा मला कळलं की मी संमती दिली होती.

मौनाला संमती म्हणायचं तर आधी माणसाला प्रश्न ऐकू गेला पाहिजे. गणपतीच्या वर्गणीत पुरलेला ठेका कुणालाच ऐकू जात नाही. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण मुद्दाम करायचं असेल तर याहून सोपी जागा नाही, एवढं नक्की. म्हणून माझी सूचना अशी की मेलवरच्या चर्चेचा इतिवृत्तात हवाला द्यायचा असेल तर धाग्याचा विषय जसाच्या तसा उतरवावा. 'गणेशोत्सव वर्गणी या विषयाखाली झालेल्या चर्चेनुसार सीसीटीव्ही बसवण्याचे ठरले' हे वाक्य ज्याला लिहायला लाज वाटणार नाही, त्याने खुशाल लिहावं.

चांगली विषयाची ओळ कशी असते? आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त वापरलेले विषय मी एकदा मोजले होते. 'महत्त्वाचे', 'सूचना', 'विनंती', 'तातडीचे', 'पाणी'. 'महत्त्वाचे' हा विषयच नाही, ते लिहिणाऱ्याचं स्वतःच्या मेलविषयीचं मत आहे. 'पाणी' याला निदान काहीतरी अर्थ आहे, पण कोणतं पाणी? गळतं, येत नाही, गढूळ आहे, बिल वाढलंय? त्याऐवजी 'ब विंग: गुरुवार १२ जून, सकाळी १० ते ४ पाणी बंद' असं लिहिलं तर अ विंगवाल्याला मेल उघडायचीही गरज नाही, आणि ब विंगवाल्यालाही खरं तर नाही. फोनवर ओळीतली जेमतेम तीस-चाळीस अक्षरं दिसतात, तेव्हा 'सर्व सन्माननीय सभासदांस कळविण्यात येते की' यात ती उडवू नयेत. मानपान मजकुरात करावा. आणि काही करायची अपेक्षा असेल तर ती ओळीतच यावी: 'रंगकाम, तीन कोटेशन: २० तारखेपर्यंत मत हवे'. माहितीसाठी आहे की कार्यवाहीसाठी, हा फरक कचेरीत शिपायालासुद्धा कळत असे.

बोलता बोलता विषय वळतोच. त्यात गैर काही नाही, चर्चा जिवंत असल्याची ती खूण आहे. इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत यासाठी एक छान रीत होती. विषय वळला की वळवणाऱ्याने नवा विषय लिहायचा आणि कंसात जुना ठेवायचा. आपल्याकडे 'जिन्यांतले कॅमेरे (मूळ विषय: गणेशोत्सव वर्गणी)' असं लिहिता येईल. एवढी एक ओळ त्या वर्षी पडली असती तर मी तो मेल उघडला असता आणि कदाचित 'चालेल'च म्हटलं असतं. पण विचारलं तर असतं!

ज्यांचा पूर्ण निरोप विषयाच्या ओळीतच मावतो ते इंग्रजीत शेवटी 'ईओएम' लिहितात, म्हणजे मजकूर इथेच संपला, उघडू नका. आपल्याकडे पोथी संपली की 'इति' लिहायची पद्धत आहेच. 'लिफ्ट सुरू झाली. इति.' मी हे वर्षभर चालवून पाहतेय. दोन तरुण मुलांनी उचललं, बाकीचे हसतात.

मराठीत विषय लिहावा की इंग्रजीत, हा वाद आमच्याकडे अजून अधूनमधून डोकं वर काढतो. विरोध करणाऱ्यांच्या मनात जुनी भीती आहे, आणि ती अगदीच निराधार नव्हती. ईमेलच्या डोक्यातल्या ओळी मुळात फक्त इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या. इतर लिप्यांसाठी १९९६ साली आरएफसी २०४७ने वाट काढली ती अशी की देवनागरी अक्षरांचं इंग्रजी अक्षर-अंकांत रूपांतर करून तुकड्यातुकड्यांनी पाठवायचं, आणि एक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा होऊ द्यायचा नाही. आज जी पद्धत सर्रास चालते तिच्यात देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट, म्हणजे रूपांतरानंतर चार इंग्रजी अक्षरं खातं, आणि काना-मात्रा-वेलांटी यांना संगणक स्वतंत्र चिन्हं धरतो. भाच्याने हिशेब करून दाखवला, वरची वेष्टनं वजा जाता एका तुकड्यात जेमतेम पंधरा चिन्हं बसतात. 'गणेशोत्सव वर्गणी' हे दोन शब्दसुद्धा एका तुकड्यात मावत नाहीत. नियम असा की तुकडा चिन्हाच्या मधोमध तोडू नये. ज्या प्रोग्रॅमांनी तो पाळला नाही त्यांनी आपल्याला वर्षानुवर्षं चौकटी आणि प्रश्नचिन्हं दाखवली. लोकांनी धसका घेतला आणि विषय रोमन लिपीत लिहायची सवय लागली. ते औषध रोगाहून वाईट. रोमन लिपीत 'काल', 'कळ' आणि 'कल' एकाच तोंडवळ्याचे दिसतात, आणि पुढे शोधायची वेळ आली की कुणी कोणतं स्पेलिंग केलं होतं हे ब्रह्मदेवाला ठाऊक. आता हातातले बहुतेक सगळे फोन देवनागरी विषय नीट पोचवतात. तेव्हा मजकूर मराठी असेल तर विषयही मराठीत, देवनागरीत लिहावा.

शोधण्याचा मुद्दा निघालाच आहे तर लिफ्टची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी ब विंगच्या लिफ्टची मोटर गेली. कंपनी म्हणाली, वॉरंटी संपली, पैसे भरा. आम्हाला अंधूक आठवत होतं की मोटरची वॉरंटी वेगळी, जास्त वर्षांची होती आणि तसं पत्र तेव्हाच्या सचिवांनी ग्रुपवर टाकलं होतं. 'लिफ्ट' शोधलं, 'मोटर' शोधलं, 'वॉरंटी' मराठीत आणि इंग्रजीत शोधलं. पावणेदोन महिन्यांनी ते सापडलं 'रीः रीः दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' या धाग्यात, अकराव्या मेलला जोडलेलं. स्कॅन केलेलं पत्र होतं, म्हणून आतला एकही शब्द शोधात येत नव्हता, आणि मेलच्या मजकुरात फक्त 'सोबत जोडले आहे' एवढंच होतं. तोवर आम्ही पैसे भरून बसलो होतो. हेडक्लार्कची मला त्या दिवशी फार आठवण झाली.

उत्तर कसं द्यावं यावर जुने जाणकार तावातावाने बोलतात, विशेषतः आपलं म्हणणं मूळ मजकुराच्या वर लिहावं की खाली, यावर. या वादात मला रस नाही. वरून खाली वाचायचं तर उत्तर प्रश्नाच्या खाली हवं, हे तर्काला धरून आहे, पण फोन आणि संगणक दोघेही कर्सर वर आणून ठेवतात आणि माणूस जिथे कर्सर तिथे लिहितो. ती लढाई संपली. त्यापेक्षा मूळ मजकूर किती ठेवायचा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर १९९५मध्ये, म्हणजे आपल्याकडे १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं त्यानंतर दोन महिन्यांत, 'नेटिकेट'ची एक मार्गदर्शिका निघाली होती, आरएफसी १८५५. उत्तर देताना वर मूळ मुद्द्याचा सारांश द्या किंवा संदर्भ कळेल एवढाच मूळ मजकूर ठेवा, असं तिच्यात सांगितलं आहे. तेव्हा फोनलाइनवरून मिनिटामिनिटाचे पैसे मोजून मेल उतरवायचे, म्हणून जास्तीची ओळ खिशाला लागायची. आता खिशाला लागत नाही, डोळ्यांना लागते. 'सहमत' या एका शब्दाखाली सतरा मेलांची शेपटी, आणि त्या सतरांपैकी कोणाशी सहमत हे गुलदस्त्यात. गूगल ग्रुप्सवर काही जण 'डायजेस्ट' घेतात, म्हणजे पंचवीसपर्यंत मेल एका गठ्ठ्यात. त्यांनी गठ्ठ्यालाच उत्तर दिलं की विषयाच्या जागी गठ्ठ्याचं नाव येतं आणि खाली पंचवीसच्या पंचवीस मेल परत सगळ्यांच्या घरी. दूधवाल्याला पैसे देताना अख्खं कपाट उचलून न्यावं तसं. ज्या दोन ओळींना उत्तर द्यायचं त्या ठेवाव्या, बाकीचं कापावं. कापताना समोरच्याचं वाक्य अर्धवट तोडून त्याचा अर्थ फिरवू नये, हे सांगावं लागू नये, पण आमच्याकडे पुनर्विकासाच्या चर्चेत तेही झालं.

त्या मार्गदर्शिकेतली आणखी एक गोष्ट मला मनापासून पटते. राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबवून सकाळी पाठवा. कचेरीत हे आपोआप व्हायचं. कच्चा मसुदा, मग साहेबांची दुरुस्ती, मग टंकलेखन, मग सही, मग जावक. राग चार टेबलं फिरेपर्यंत निवायचा.

सगळ्यांना उत्तर द्यायचं की एकालाच, यातला गोंधळ मोठमोठ्यांचाही होतो. मायक्रोसॉफ्टमध्ये १९९७ साली सुमारे तेरा हजार लोकांच्या एका यादीवर कुणीतरी 'मी या यादीत का आहे?' असं विचारलं. त्यावर 'मलाही काढा', 'सगळ्यांना उत्तर देऊ नका' अशी उत्तरं सगळ्यांनाच जाऊ लागली आणि त्यांची स्वतःची मेल-यंत्रणा बसली. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नोव्हेंबर २०१६मध्ये एक चाचणी-मेल सुमारे ८ लाख ४० हजार कर्मचाऱ्यांना गेला आणि तिथेही हाच तमाशा. 'सगळ्यांना उत्तर देऊ नका' असं सगळ्यांना कळवणारा माणूस जगात सगळीकडे सारखाच असतो हे पाहून मला बरं वाटलं. आमच्याकडे तो ड विंगमध्ये राहतो.

लहान गटात यंत्रणा बसत नाही, माणसं दुखावतात. आमच्या ग्रुपची रचना अशी होती की साधा 'रिप्लाय' दाबला तरी उत्तर सगळ्यांना जायचं. एका बाईंनी शेजारणीची थकबाकी आणि तिच्या घरची परिस्थिती यावर सचिवांना, म्हणजे मला, दोन ओळी लिहिल्या. सहानुभूतीनेच लिहिल्या होत्या. गेल्या ११२ घरांत. ती शेजारीण पुढे कित्येक महिने जिन्यात मान खाली घालून जायची. दोष त्या बाईंचा म्हणायचा की रचनेचा? मी रचना बदलली. आता सूचनांचा ग्रुप वेगळा, तिथे उत्तर फक्त पाठवणाऱ्याला जातं. चर्चेचा वेगळा, तिथे सगळ्यांना. काही जाणकारांचं मत आहे की गटाने उत्तराचा पत्ता कधीच बदलू नये, साधा 'रिप्लाय' लिहिणाऱ्यालाच जावा. तत्त्व म्हणून ठीक आहे, पण तत्त्वाला सत्तरीतल्या लोकांची बोटं माहीत नसतात.

आता मला दिलं जाणारं उत्तर. 'अहो, एवढं काय, शेजारी-शेजारी गप्पा मारतोय, कचेरी थोडीच आहे?' यात तथ्य आहे. जुन्या पत्रात 'पत्रास कारण की' असं लिहून झालं तरी पुढे गाय व्याली, पाऊस लागला, धाकट्याचे दात आले, सगळं यायचं. त्यातच पत्राची गोडी होती आणि खरं कारण कधीकधी 'ता. क.'मध्ये सापडायचं. खाजगी पत्रात असंच असावं. मी स्वतः बहिणीला लिहिते तेव्हा विषयाची ओळ कोरी सोडते. पण ते पत्र एकीने एकीला लिहिलेलं असतं, आणि ती बसून वाचणार हे ठाऊक असतं. ११२ घरांच्या ग्रुपवर लिहिणं म्हणजे चावडीवर बोलणं. तिथे जो हजर नाही, जो उद्या येणार आहे, जो तीन वर्षांनी सचिव होऊन जुने कागद चाळणार आहे, तोही ऐकणाऱ्यांत धरावा लागतो.

एका बाबतीत मात्र मी शिष्टाचारवाल्यांच्या विरुद्ध आहे. चुकीच्या विषयाखाली लिहिणाऱ्याला ग्रुपवर टोकणं हा मूळ चुकीहून मोठा उद्धटपणा आहे. आमच्याकडे एका आजोबांनी नातवाच्या बारशाचं आमंत्रण 'थकबाकीदारांची यादी' या धाग्यात टाकलं. एका हुशार मुलाने लगेच 'कृपया नवा धागा काढावा, ग्रुपचे नियम वाचावेत' असं सगळ्यांदेखत लिहिलं. आजोबांनी त्यानंतर ग्रुपवर एक अक्षर लिहिलेलं नाही. नियम पाळले गेले, माणूस गेला. यादीतल्या एका थकबाकीदाराने मात्र बारशाला जाऊन चांदीचा वाळा दिला, हे जाता जाता. अशा वेळी ज्याला नियम कळतो त्यानेच गुपचूप नवा मेल काढावा, योग्य विषय घालावा, मूळ मजकूर तिथे चिकटवावा आणि खाली लिहावं, 'आजोबांच्या घरचं आमंत्रण सगळ्यांच्या नजरेला यावं म्हणून वेगळं पाठवते आहे.'

परवा आप्पांच्या मुलीचा मेल आला. विषय: 'क-३०४ हस्तांतरण: कोणती कागदपत्रं हवीत? २५ तारखेपर्यंत उत्तर मिळावं'. वाचून बारनिशीत बसल्यासारखं वाटलं. मी यादी पाठवली, खजिनदारांनी शुल्काचा आकडा कळवला. तिसरं उत्तर ब विंगमधून आलं: 'छान. ता. क. आज टँकर किती वाजता?'

मी नवा मेल उघडला, ग्रुपचा पत्ता टाकला आणि विषयात लिहिलं, 'आजचा टँकर: सायंकाळी ५, ब विंगची टाकी. इति.'